काकांचं नाक

नदीच्या काठावर आलं की काका आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे. मग डोळे मिटायचे, हनुवटी जराशी वर करायचे आणि डावा हात माझ्या छातीसमोर आडवा धरायचे, रस्ता ओलांडताना लहान मुलाला अडवतात तसा.

"थांबा. बोलू नका. आधी नाक, मग डोळे."

दोन-चार श्वास. मग चष्मा परत नाकावर आणि निकाल जाहीर. "गंधक. पण थोडंच. पहाटेचं आहे, आत्ताचं नाही."

नदी म्हणजे आमची वालधुनी. तुम्ही कधी अंबरनाथच्या शिवमंदिराला गेला असाल तर देवळाजवळून वाहते ती तुम्ही पाहिली असेल, आणि नाला समजून पुढे गेला असाल. त्यात तुमची चूक नाही. मी सात वर्षं तिच्या काठावरच्या कंपनीत नोकरी केली आणि तिला नालाच म्हणत होतो. तिला नदी म्हणणारा पहिला माणूस मला भेटला तो हाच. नाव लिहीत नाही. मी त्यांना काकाच म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

आमची कंपनी लहानशी, केमिकलची. मी तिथे केमिस्ट. कात्रपच्या घरून रोज स्कूटरने जायचो. एका सकाळी गेटवर आरडाओरड ऐकू आली. मॅनेजर म्हणाला, "बघ रे जरा, कोण पागल आलाय."

वॉचमन एका म्हाताऱ्या माणसाला हाकलत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, असा तो पोशाख. हातात कापडाची वाळलेली पट्टी होती, दोन बोटं रुंद. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. रंग तपकिरी, गुलाबीकडे झुकणारा.

"हा तुमचा रंग," ते म्हणाले. "मी भांडायला नाही आलो. तुमची वस्तू चुकून माझ्याकडे आली, ती परत द्यायला आलोय."

रंग आमचाच होता. मला बघताक्षणी कळलं. मी पट्टी घेतली आणि म्हटलं, "बघतो काका."

एवढ्यावर ते खूश झाले. "बऱ्याच गेटांवर जाऊन आलो. काका बोलणारे तुम्ही पहिले. कधी सकाळी या. नदी दाखवतो तुम्हाला."

आत येऊन मी मॅनेजरला हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. त्याला हसू आलं नाही. पट्टी उलटसुलट करून बघत तो म्हणाला, "शुक्रवारी सुट्टी असते ना तुला? जा त्याच्यासोबत. दोस्ती कर. कधी येतो, कुठे उभा राहतो, आपल्याला मालूम पाहिजे."

यात काही वाईट नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, तसं वाटून घ्यायचं मी ठरवलं.

काकांनी तीस वर्षं एका कापड कारखान्याच्या रंगखात्यात काढली होती. रंग तोलायचे, उकळायचे, कापड बुडवून बघायचे. कारखाना केव्हाच बंद पडला, पण बुडवून बघायची सवय सुटली नाही. मांजरपाटाच्या पट्ट्या फाडून त्यांची गुंडाळी ते खिशात ठेवत. रोज सकाळी नदीकाठाने चालत जायचं, ठरलेल्या जागी एक-एक पट्टी बुडवायची, घरी आणून दारातल्या दोरीवर वाळत घालायची. वाळली की कोपऱ्यात पेन्सिलने वार आणि जागा लिहायची आणि पट्टी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्यांच्या वस्तीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, ह्या घरात कायम कसलातरी सण असतो.

काकू म्हणायच्या, "माझी साडी वाळत घालायला जागा नाही, आणि हिची लुगडी बघा रोज." हिची म्हणजे नदीची.

पहिल्या शुक्रवारी मी स्पोर्ट शूज घालून गेलो. काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. अर्ध्या तासाने बुटांचा मूळ रंग कोणता होता हे मलाही सांगता आलं नसतं. तेव्हा म्हणाले, "आता तुमची तिच्याशी ओळख झाली."

देवळाच्या मागून निघायचं आणि पाण्याच्या अंगाने खाली उल्हासनगरकडे चालायचं, असा त्यांचा रस्ता. रस्ता म्हणजे काय, कंपन्यांच्या मागच्या भिंती आणि पाणी यांच्यामधली एका माणसापुरती वाट. भिंतींवर काचा रोवलेल्या. एका बंद कारखान्याची चिमणी, तिच्या पोटातून बाहेर आलेला पिंपळ. भिंतींतून बाहेर डोकावणारे पाइप. काकांनी त्या पाइपांना नावं दिली होती. एक सतत ठिबकणारी, तिचं नाव रडकी. एक कधीच काही न सोडणारी, ती मुकी. आमच्या कंपनीच्या भिंतीखाली झुडपात एक पाइप होता. त्याच्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "ही लाजरी. कोणी बघत असलं की थेंब सोडत नाही."

आणि माझ्याकडे बघून मिश्किल हसले. मीही हसलो.

पुढे काठाला दगडाच्या चार-पाच पायऱ्या होत्या, अर्ध्या गाळात गेलेल्या. इथे त्यांची आई कपडे धुवायची. इथेच त्यांनी लहानपणी चिंबोऱ्या पकडल्या. मी विचारलं, "इतक्या लांब का यायची आई?"

"वरच्या अंगाला आमच्या लोकांना पाण्याला हात लावू द्यायचे नाहीत, आजीच्या वेळी. मग आमची पायरी इथे, खाली. सगळ्यांचं वापरून झालं की आमच्याकडे यायचं." पट्टी पाण्यात सोडत ते अगदी सहज म्हणाले, "म्हणून खालच्या माणसाला पाणी जास्त कळतं."

उल्हासनगरची हद्द लागली की मागच्या दारांची रांग सुरू व्हायची. जीन्स धुवायचे कारखाने तेव्हा बरेचसे हलले होते, पण एखाद-दुसरा चालू असायचा, आणि तिथे पाणी निळं. एका घराच्या गच्चीवर एक सिंधी बाई पापड वाळत घालायच्या. काकांना बघितलं की वरून विचारायच्या, "अंकल, आज कौनसा कलर?"

"आज नेव्ही ब्लू, दीदी."

मग खाली येऊन त्या आम्हा दोघांना एकेक भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास द्यायच्या. "बैठो साईं, धूप है." काका पापड मोडायच्या आधी त्याचाही वास घ्यायचे आणि सांगायचे, "आज मिरी जास्त झाली." त्या कबूल करायच्या.

मी कामगिरीवर गेलो होतो खरा, पण दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारपासून मला तिथे जायला आवडू लागलं, हेही खोटं नाही. माझं सगळं रसायनशास्त्र पुस्तकातलं. काकांना त्यातलं एक सूत्र येत नव्हतं आणि काठावर उभं राहून ते सांगायचे की कुठल्या कंपनीने काल टाकी धुतली. मी लॅबमध्ये तपासून बघायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मी त्यांना तसं सांगितलं की लाजायचे. "तुम्ही केमिस्ट. तुम्ही बोललात म्हणजे शिक्का."

त्यांच्याबद्दल जे-जे मला आवडत होतं तेच-तेच मी वर जाऊन सांगत होतो. ते किती वाजता निघतात. कुठे थांबतात. एकदा बोलता-बोलता त्यांनी सांगितलं की मंगळवारी ते नदीवर येत नाहीत, चामटोलीला लेकीकडे जातात, नातीला भेटायला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहून मी म्हणालो, "मंगळवारी नसतो तो."

"पक्का?"

"पक्का."

त्यानंतर आमची टाकी मंगळवारी रिकामी होऊ लागली.

काकांना संशय आला तो दगडांमुळे. बुधवारी पाणी नेहमीसारखं असायचं, पण दगडांवर वीतभर उंचीची गुलाबी रेघ राहायची. शुक्रवारी ती नखाने खरवडून ते मला दाखवायचे. "मंगळवारी काहीतरी गेलंय. मी नसताना गेलंय." मी म्हणायचो, "गाळ असेल काका." ते मान हलवायचे, पण त्यांना पटायचं नाही. शेवटी त्यांनी प्रदूषण खात्याकडे अर्ज केला. सोबत त्या रेघेवर घासलेल्या सगळ्या पट्ट्या जोडल्या. अर्जाचं मराठी मीच तपासून दिलं होतं.

एका शुक्रवारी ते मला लांबूनच हात करत आले. "साहेबलोक येणार आहेत तपासायला. मीच बोललो, मंगळवारीच या. लेकीला फोन केला, ह्या मंगळवारी नाही येत. सगळ्या वस्तीला सांगितलंय."

शनिवारी मी मॅनेजरला सांगितलं.

त्या मंगळवारी मी ड्यूटीवर होतो. लॅबच्या मागच्या खिडकीतून नदी दिसते. मी खिडकीशी उभा होतो. वस्तीतली दहा-बारा माणसं आली होती, दोन अधिकारी होते, आणि पुढे काका, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, हनुवटी वर केली. एक मिनिट गेलं, दोन गेली. काकांनी डोळे उघडले, खाली उतरून पट्टी बुडवली आणि वर काढली. गढूळ पाण्याची मातकट पट्टी. त्यांनी दुसरी बुडवली. मग तिसरी.

गर्दीतून कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. अधिकाऱ्यांपैकी जो तरुण होता तो वाईट माणूस नसावा. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. तो काय म्हणाला ते मला मागून कळलं. "काका, सकाळी मोकळ्या हवेत फिरा की. इथे कशाला नाक खुपसता ह्या वयात." वाल्व्हला कोणी हात लावणार नाही याची खात्री करायला मॅनेजर स्वतः टाकीजवळ उभा होता. त्याने मला लांबून अंगठा वर करून दाखवला. मी खिडकीपासून बाजूला झालो.

आता जे सांगतो ते सांगण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

नंतरच्या शुक्रवारी काका आले. येतील असं वाटलं नव्हतं. तपासणीसाठी दाबून ठेवलेला माल कंपनीने गुरुवारी सोडून दिला होता. रंग बराचसा वाहून गेला होता, पण वास काठाच्या चिखलात मुरला होता. कडू बदाम आणि जळकं रबर यांच्या मधला वास. लाजरीजवळ पोचायच्या आधीच माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला.

काकांनी चष्मा काढला. डोळे मिटले. माझ्या छातीसमोर हात धरायला मात्र विसरले. बराच वेळ तसे उभे राहिले. मग डोळे उघडले, पण निकाल दिला नाही.

"केमिस्टसाहेब, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"मला वास येतोय. फार येतोय. पण मंगळवारी पण मला वाटत होतं, आता येणार, आता येणार. म्हणून विचारतो. तुम्हाला येतो का?"

त्यावेळी मला कोणी धमकावलं नव्हतं. मॅनेजर तिथे नव्हता. हो म्हटलं असतं तर काका काही माझा हात धरून कोर्टात नेणार नव्हते. त्यांना फक्त हो किंवा नाही एवढंच हवं होतं, आणि तेही त्यांच्या स्वतःबद्दल. मी विचारसुद्धा केला नाही.

"नाही काका. मला तर काही नाही."

त्यांनी पट्टी बुडवली. ती फिकट गुलाबी झाली होती. माझ्यासमोर धरून म्हणाले, "ही मला गुलाबी दिसते."

"मातकट आहे," मी म्हणालो.

काकांनी पट्टीची घडी केली, खिशात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता आणि थोडी सुटका झाल्यासारखंही काहीतरी. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "रंगखात्यात सगळ्यांचं नाक जायचं. कोणाचं पाच वर्षांत, कोणाचं दहा. माझं राहिलं म्हणून मला माज होता. गेलं शेवटी." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि मी उगाच लोकांच्या गेटावर गेलो."

त्या दिवशी आम्ही पापडवाल्या बाईंपर्यंत गेलोच नाही. परत येताना वाटेत त्यांनी माझं कोपर धरलं होतं. त्याआधी कधी धरलं नव्हतं. पायाखालच्या वाटेचाही त्यांना भरवसा राहिला नव्हता.

ते नदीवर यायचे बंद झाले. मी दोन-तीनदा घरी गेलो. दारातल्या दोरीवर पट्ट्या नव्हत्या, काकूंच्या साड्या होत्या. डब्यातल्या पट्ट्या काकूंनी ओटा पुसायला घेतल्या होत्या. काका कॉटवर बसून टीव्ही बघत होते. काकूंनी मला बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, "पूर्वी मी फोडणी टाकली की बाहेरून ओरडायचे, मोहरी जळली म्हणून. आता समोर भाजी करपली तरी गप्प. वास आला तरी बोलतात, मला भास होतोय. गॅस पेटवायला घाबरतात, लीक असला तर मला कळायचं नाही म्हणतात. तुम्ही शिकलेले आहात, समजवा ना त्यांना."

मी म्हटलं, "वयाप्रमाणे होतं काकू." हे दुसऱ्यांदा.

तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायला काय झालं होतं. मलाही सुचायचं. घरून निघताना वाक्य तयार असायचं. पण त्यासाठी आधी मंगळवारचं सांगावं लागलं असतं, आणि अर्जाचं, आणि पहिल्या शुक्रवारी मी कशासाठी आलो होतो त्याचं. एकेक धागा ओढत गेलं असतं तर मी त्या घरात कधी माणूस म्हणून आलो होतो की नाही, हाच प्रश्न उरला असता. माझी लाज वाचवायला मी त्यांचं नाक घेतलं होतं. ती लाज पुढेही वाचवत राहिलो.

वर्षभराने मी ती नोकरी सोडली. मन खायला लागलं म्हणून नाही. तळोज्याला बरी नोकरी मिळाली म्हणून. तोवर काका-काकू अंबरनाथचं घर भाड्याने देऊन चामटोलीला लेकीकडे राहायला गेले होते. नवी नोकरी लागल्यावर मला वाटलं, आता मी कंपनीचा माणूस नाही, आता सांगता येईल. एका रविवारी कात्रपहून चामटोलीला गेलो.

काका अंगणात बसले होते. वाळले होते, पण मला बघून उठून उभे राहिले. लेक, जावई, शेजारचे एक-दोघे, सगळ्यांना हाका मारल्या. माझा हात हातात घेऊन त्यांना म्हणाले, "हेच ते केमिस्टसाहेब. सगळे मला तोंडावर काका काका बोलायचे आणि पाठीमागे हसायचे. ह्यांनी एकट्याने खरं सांगितलं. नाहीतर मी मरेपर्यंत लोकांवर खोटा आळ घेत फिरलो असतो."

जावयाने मला नमस्कार केला. लेकीने खुर्ची पुसून दिली.

सगळे आत गेल्यावर काका माझ्याकडे वळले. हात जोडले. मला वाटलं निरोपाचे जोडले. म्हणाले, "तुमच्या मॅनेजरला माझ्याकडून माफी सांगा. मी गेटवर आलो, अर्ज केला, त्यांना साहेबलोकांसमोर उभं केलं. चूक माझी होती. सांगाल ना?"

मी घरून आणलेलं वाक्य तोंडात होतं. त्या जोडलेल्या हातांकडे बघत मी म्हणालो, "सांगतो."

त्या पावसाळ्यात काका गेले. आजारपण मोठं नव्हतं, चार-पाच दिवसांचा ताप. लेकीने फोनवर कळवलं. म्हणाली, वडिलांनी तुमचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता. मी अंत्ययात्रेला गेलो नाही. ड्यूटी असल्याचं सांगितलं. ती नव्हती.

सगळे विधी आटोपल्यावर एका दुपारी गेलो. जावई कामावर होता. लेक आत स्वयंपाकघरात होती. काकू पडवीत सूप घेऊन वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर खाली बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, मॅनेजरने पाठवलं होतं तिथपासून. मंगळवारचं सांगितलं. खिडकीचं सांगितलं. त्या शुक्रवारी मला वास येत होता, डोळ्यांत पाणी येण्याइतका येत होता, हे सांगितलं. काकांचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं, हे सांगितलं.

काकूंचे हात थांबले नव्हते. माझं बोलणं संपलं तेव्हा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"हे त्यांना सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगता?"

काकू जा म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. सुपातली सालं एका बाजूला केली आणि पुन्हा सोलायला लागल्या.

आतून लेकीचा आवाज आला. तिने काही ऐकलं नव्हतं. "आई, साहेबांना चहा ठेवू ना?"

काकूंनी आणखी एक वाल सोलला. मग वालावरची नजर न काढता म्हणाल्या, "ठेव."

चहा आला. कपाला बशी होती, बशीत दोन बिस्किटं होती. लेक दारात उभी राहून विचारत होती, साखर बरोबर आहे ना. मी हो म्हणालो. काकूंच्या समोर बसून तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.